कातळावरची राखण

"मेल्या, पाण्याक पाठ नको! पाठ नको म्हणतंय ना! बापाशीक दाखव तुझी पाठ, दर्याक कित्याक दाखवतंस? फिर! तोंड पाण्याकडे! फिर रे, बोंबलाच्या बोडक्या!"

कातळाच्या टोकावर उभा असलेला धिप्पाड पोरगा जागच्या जागी गर्रकन फिरला. त्याच्याबरोबरचे पाच जण फिरले. मागे वाळूत भेळ खात बसलेलं एक कुटुंब उगाचच फिरलं. किनाऱ्यावरचं कुत्रं फिरलं. आणि माझा असा दावा आहे की पार उत्तनच्या बंदरात जाळी दुरुस्त करत बसलेले चार कोळीही त्या क्षणी, आपलं काय चुकलं कोण जाणे, म्हणून पाण्याकडे तोंड करून बसले.

असा तो आवाज. आवाजाचा मालक मात्र बघितलात तर म्हणाल, हा? ह्या एवढ्याशा माणसात हे एवढं राहतं कुठे? पाच फुटांच्या वर दोनतीन बोटं उंची, वजन ओल्या गोधडीइतकं, डोक्यावर वीणकाम उसवलेली लोकरीची टोपी, भर मे महिन्यातसुद्धा. डावा हात कोपरात कायमचा वाकडा, किटलीच्या कानासारखा. ओरडायच्या आधी तो हात आपोआप वर जायचा. हात वर गेला की समजावं, आता कुणाच्या तरी घराण्याचा उद्धार होणार.

बोरिवलीच्या गोराई वसाहतीत ते आमच्या दोन दारं पलीकडे राहायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मूळचे मालवणकडचे, पण मुंबईत चाळीस वर्षं काढूनही त्यांनी मुंबईची भाषा घराच्या उंबऱ्याआत घेतली नव्हती. मरोळच्या एका कारखान्यात गेटवर पहाऱ्याला होते. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने घड्याळ दिलं. काकांनी ते भिंतीवर लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून वेळ बघायची सोडून दिली. त्यानंतर त्यांचं घड्याळ म्हणजे भरती आणि ओहोटी.

रोज सकाळी गळाची काठी खांद्यावर टाकून काका जेट्टीवर जायचे, होडीने खाडी ओलांडायचे, पलीकडून टमटम धरून किनाऱ्याच्या शेवटी उतरायचे. तिथे एक काळा कातळ समुद्रात जिभेसारखा घुसला आहे. वरून सपाट, कडेला शेवाळ. काका कातळाच्या वरच्या अंगाला एका ठरलेल्या दगडावर बसायचे आणि गळ टाकायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी घरी आणलेले मासे मी माझ्या दोन हातांच्या बोटांवर मोजून दाखवीन, आणि तरी एक अंगठा उरेल. गळ हे निमित्त होतं. खरं काम दुसरंच होतं. ते कातळावर येणाऱ्या माणसांची राखण करायचे.

ही राखण त्यांना कुणी सांगितली नव्हती. त्याचा त्यांना पगार नव्हता, शिट्टी नव्हती, टोपीवर बिल्ला नव्हता. मी एकदा विचारलं, "काका, हे कुणी सोपवलं तुम्हाला?" तेव्हा त्यांनी गावाकडची एक रीत सांगितली. ती मी तुम्हाला जशीच्या तशी सांगतो. इथे माझी भर नाही.

त्यांच्या गावात ओहोटीला बायका कालवं काढायला खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर जातात. कालवं दगडाला घट्ट चिकटलेली असतात, ती कोयतीने खरवडायची, म्हणजे कमरेत वाकायचं, डोकं खाली, पाठ समुद्राकडे. ज्याची पाठ समुद्राकडे त्याला येणारं पाणी दिसत नाही. म्हणून दहा जणी कालवं काढायला गेल्या तर अकरावं माणूस नुसतं वर उभं राहतं. ते शिंपल्याला हात लावत नाही. ते पाण्याकडे बघतं. डोळ्यात कुसळ गेलं तरी बघतं. पाणी उठताना दिसलं की "इला!" म्हणून ओरडतं, आणि दहाच्या दहा जणी कोयत्या टाकून वर धावतात. संध्याकाळी कालवांचे अकरा वाटे होतात. ज्याने एकही कालव काढलं नाही त्यालाही पुरा वाटा, अर्ध्या कवचाचाही फरक नाही.

तरुणपणी माडावरून पडून काकांचा हात मोडला तो वाकडाच बसला. कोयती धरता येईना, होडी वल्हवता येईना. मग त्यांना राखणीला उभं केलं. नऊ वर्षं ते उभे राहिले.

"माझ्या राखणीत एक बाय पाण्यात जावक नाय," काका म्हणाले. म्हणताना त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो बोलून दाखवायला त्यांना टोपी काढावी लागायची.

"पण शिव्या कशाला, काका? गोड सांगा ना."

"गोड बोललंय तर माणूस 'काय?' म्हणान इचारता. तितक्यात पाणी येता. गाळ घातलंय की कोण तो, म्हणान वळान बघता. वळलो की वाचलो."

बघा म्हणजे. आपण समजत होतो म्हातारा तोंडाचा फाटका आहे. तो कारागीर होता. प्रत्येक शिवी मापात, माणूस पाहून. कॉलेजच्या पोरांना खाडीतले सगळे मासे क्रमाने. पोट सुटलेल्या साहेबांना वांगी, फणस असं भाजीपाल्यातलं. बायकांना कधी शिवी नाही. त्यांना नुसतं "गो बाये, पाण्याक पाठ नको!" पण ते अशा आवाजात की शिवी परवडली. एकदा तर एका जोडप्याला त्यांनी अशी काही हाक घातली की दोघं घाबरून एकमेकांच्या विरुद्ध दिशांना पळाली, आणि माझी खात्री आहे, अजून पळतायत.

आता माझ्याबद्दल चार शब्द सांगणं भाग आहे, कारण पुढच्या गोष्टीत मी आहे. वसाहतीत माझं झेरॉक्सचं आणि पासपोर्ट फोटोचं दुकान. तोंडाचा मी लहानपणापासून सैल. दहाचे शंभर करायचे ही माझी सवय, आणि लोक हसतात म्हणून ती कधी सुटली नाही. रविवारी दुकान बंद ठेवून मी काकांबरोबर कातळावर जायचो. ते पाण्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे.

तर तो धिप्पाड पोरगा. वर सांगितलं तो. त्या दिवशी त्याला शिवी बसली, तो फिरला, त्याने पाणी उठलेलं पाहिलं आणि चार उड्यांत वर आला. जिथे तो उभा होता तिथे पाणी पुरुषभर उंच चढलं आणि कातळ धुऊन परत गेलं. पोरगा पांढराफटक. त्याने काकांचे पाय धरले. काकांनी त्याबद्दल आणखी एक शिवी दिली, पण हळू आवाजात, म्हणजे मायेची.

हे सगळं मी मोबाईलवर घेतलं होतं.

घरी येऊन मी ते कापायला बसलो. तीस सेकंदांत बसवायचं होतं. शिवी झकास आली होती. हात वर जातो, टोपी हलते, शिवी सुटते, सहा माणसं आणि एक कुत्रं एका वेळी फिरतात. त्यानंतरचं पाणी मात्र लांबलचक वाटत होतं. मजा उतरत होती. म्हणून मी पाणी कापलं.

मी पाणी कापलं, आणि खाली लिहिलं: 'बोरिवलीपलीकडचे शिवीवाले काका. यांची शिवी खाल्ली की आठ दिवसांत काम होतं. ह्या पोराला नोकरी लागली.' नोकरी कुठली आणि काय! त्या पोराचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. मी आपली फोडणी दिली.

पुढच्या रविवारी जेट्टीवर रांग होती.

मला आधी वाटलं कुणीतरी मेलं. होडीवाला म्हणाला, "तुमच्या म्हाताऱ्याला बघायला निघालेत सगळे." मुलुंडहून आलेले, घाटकोपरहून आलेले, अंधेरीहून दोन गाड्या बदलून आलेले. एकाला विचारलं, "ह्या किनाऱ्यावर याआधी कधी आला होतास?" तो म्हणाला, "इथे किनारा आहे हेच माहीत नव्हतं. रील बघितली." समुद्र बघायला कुणी आलं नव्हतं. समुद्र त्यांच्या फोटोत मागे लागणार होता, पडद्यासारखा.

आणि सगळे काय करत होते? रांगेने कातळाच्या टोकाला जात होते, पाण्याला पाठ करत होते, मोबाईल समोर धरत होते आणि शिवीची वाट बघत होते.

काकांनी पहिला दिवस नेटाने काढला. ते ओरडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते परत ओरडले, लोक म्हणाले, "वन्स मोअर!" एक जण सोडून कुणी वळलं नाही. जो वळला त्याला बाकीचे ओरडले, "अरे इकडे बघ ना, फ्रेम बिघडली!"

परतीच्या होडीत काकांनी गळाची दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "मी गाळी घालतंय आणि हे हसतत. हसतत कित्याक रे?"

मी म्हटलं, "फेमस झालात, काका."

"वळणत नाय पण," ते म्हणाले. "कोण वळणा नाय."

त्यानंतरचे दोन महिने मी तुम्हाला कितीही वाढवून सांगितले तरी कमीच पडतील, इतकं खरंच घडलं. काकांच्या आवाजाला कुणीतरी ढोल जोडला आणि तो रिक्षारिक्षातून वाजायला लागला. नकाशात कुणीतरी कातळाला 'शिवी पॉईंट' असं नाव ठोकलं, आणि टमटमवाले त्याच नावाने हाका मारू लागले. कातळाच्या तोंडाशी वडापावची गाडी आली, तिच्यावर काकांचं चित्र, वाकड्या हातात वडापाव. कांदिवलीचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. नवरा मुलगा शेरवानीत, मुलगी घागऱ्यात. फोटोग्राफर काकांना म्हणाला, "काका, दोघांना मिळून एकच द्या, पण थोडा राग जास्त." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की कॅमेऱ्याची बॅटरी उतरली. पण शिवी द्यावी लागली, कारण मागे पाणी खरंच उठलं होतं. शेरवानी भिजली. जोडपं खूश. रील आणखी चालली.

काकी, म्हणजे काकांची बायको, मला एकदा भाजीच्या गाडीपाशी गाठून म्हणाली, "तुझ्या त्या मोबायलान माझ्या घोवाक माकड केल्यान."

"अहो काकी, नाव झालं त्यांचं."

"नाव? रात्री झोपेत वराडता तो. 'फिर, फिर' करता. मी फिरतंय, तरी वराडता."

काकांचा आवाज खरंच बसत चालला होता. पूर्वी दिवसातून सहा-सात शिव्या पुरायच्या. आता तीनशे घालाव्या लागत. आणि तीनशेतली एकही कामाची नाही. त्यातच एका शुक्रवारी, मी दुकान बंद ठेवून गेलो होतो तेव्हा, एक माणूस शेवाळावरून घसरून गुडघाभर पाण्यात पडला, दोघांनी ओढून काढला. काका दगडावर बसले. त्यांनी गळाची काठी उलटीसुलटी करून बघितली आणि मला विचारलं, "आता काय करूचा?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. माझ्याकडे नेहमीच असतं.

मी म्हटलं, "काका, सरळ आहे. लोक पाठ का करतात? तुम्ही ओरडता म्हणून. तुम्ही ओरडलाच नाहीत तर पाठ करून करणार काय? दोनचार रविवार गप्प बसा. लोक कंटाळतील, दुसरीकडे जातील. ह्या लोकांचं असंच असतं, यार. आज इथे, उद्या तिथे."

"गप रवान राखण कशी होतली?"

"हीच राखण. गप्प बसण्याची."

काकांनी पाण्याकडे बघितलं. हा विचार त्यांच्या नऊ वर्षांच्या आणि चाळीस वर्षांच्या, सगळ्याच पहाऱ्यांच्या विरुद्ध होता. पण दोन महिन्यांत त्यांचं स्वतःच्या आवाजावरचं मन उडालं होतं. ते म्हणाले, "माका ह्यातला काय कळणा नाय. तू सांगतंस तसा करतंय."

आणि मंडळी, उपाय लागू पडला! पहिल्या दिवशी लोक तासभर उभे राहिले आणि वैतागून गेले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी रील टाकली, 'काका आता शिव्या देत नाहीत, जाऊ नका.' आठवड्याभरात रांग आटली. वडापाववाला गाडी ढकलत निघून गेला. मी वसाहतभर सांगत सुटलो की मुंबईतल्या गर्दीवरचा इलाज मला सापडलाय, आता मंत्रालयातून बोलावणं यायचंच बाकी आहे. काका मात्र दगडावर ओठ आवळून बसायचे. कुणी टोकाला गेलं की वाकडा हात वर जायचा, आणि मी शेजारी असलो तर तो हळूच खाली धरायचो.

नववा दिवस रविवार होता.

आता इथून पुढे मी काही वाढवणार नाही.

सकाळचे साडेदहा वाजले होते. भरती चढत होती. कातळावर आमच्याखेरीज अकरा माणसं होती. त्यांत तीन मुली एकत्र आलेल्या. त्यांतली एक आमच्यापाशी आली. वीस-बावीस वर्षांची असेल. अंगात पोपटी कुर्ता, पायांत साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. ती घाटकोपरहून आली होती. तिने काकांना वाकून नमस्कार केला.

"काका, उद्या माझा इंटरव्ह्यू आहे. तिसरा. आधीचे दोन गेले. मला एक सणसणीत घाला ना, प्लीज."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

ते तिला म्हणाले, "चेडवा, मी आता वराडणंय नाय. तू घराक जा. होतला तुझा काम."

"असं नाही चालत, काका. शिवी खावी लागते. त्यात लिहिलंय."

ते कुणी लिहिलं होतं हे तिला सांगायला मी तिथे होतो. मी सांगितलं नाही. मला हसू आलं, थोडं बरंही वाटलं.

ती टोकाला गेली. मैत्रिणींनी मोबाईल धरले. तिने पाण्याला पाठ केली आणि हात तोंडाशी धरून ओरडली, "काका, बघा हं! पाठ केली!"

काकांचा हात वर गेला. मी तो मनगटाशी धरला.

"ओरडा ना, काका!"

मी म्हटलं, "बसा, काका. आत्ता ओरडलात तर नऊ दिवस फुकट." त्यांनी हात सोडवायला जोर केला. मी दोन्ही हातांनी धरला. त्यांचं तोंड उघडलं होतं. ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या मागे बघत होते. मी मात्र तिच्याकडे बघत होतो. मुलगी हसत होती.

ती लाट म्हणावी अशी नव्हती. फुटली नाही, आवाज केला नाही. पाणी नुसतं उंच झालं, कातळावर आलं, तिच्या गुडघ्यांपर्यंत, आणि परत गेलं. परत जाताना ती त्याच्याबरोबर गेली. चप्पल एक राहिली.

काका ओरडले ते त्यानंतर. त्यात शब्द नव्हता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कातळावरचं प्रत्येक माणूस वळलं.

दुपारी दोनच्या सुमारास होडीवाल्यांना ती सापडली. तोवर काका टोकाशी पाण्याकडे तोंड करून उभे होते. कुणाचंही न ऐकता. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत येत होतं. मी मागून त्यांची टोपी तेवढी धरून उभा होतो. ती केव्हा माझ्या हातात आली मला आठवत नाही.

आज कातळाच्या तोंडाशी लोखंडी कठडा आणि धोक्याची पाटी आहे. लोक पाटीजवळ फोटो काढतात. मी रील काढून टाकली, पण ती आता माझी राहिलेली नाही, शंभर ठिकाणी आहे. हे शंभर मी मोजलेले आहेत. दर आठवड्याला कुणीतरी मुलुंडकडून, अंधेरीकडून येतं आणि जेट्टीवर विचारतं, ते काका कुठे बसतात? त्यातला एखादा हळू आवाजात विचारतो, ती मुलगी गेली ती जागा कुठली?

काका बसत नाहीत. पंधरा दिवसांच्या आत ते आणि काकी गावी निघून गेले. दाराला कुलूप आहे. जाताना त्यांनी कारखान्याचं घड्याळ आमच्याकडे ठेवलं, गळाची काठी जेट्टीवरच्या होडीवाल्याला दिली. त्यांच्या गावचा एक जण परवा माझ्या दुकानात आला होता. म्हणाला, ओहोटीला बायका अजून कालवांना जातात, राखणीला माणूस मिळत नाही, म्हणून काकांना बोलवायला गेल्या होत्या. काका घरातून बाहेर आले नाहीत.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती ह्या गोष्टीत नसती तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी आम्हाला पोलीस चौकीत बसवलं होतं. बाकावर काका, शेजारी मी. समोरच्या बाकावर मुलीचे वडील. मांडीवर तिची कापडी पिशवी. पिशवीत उद्याच्या इंटरव्ह्यूसाठी काढलेल्या झेरॉक्सची सुरळी होती, तिचं टोक बाहेर दिसत होतं. हवालदाराने काकांकडे दोनदा निरखून बघितलं आणि म्हणाला, "तुम्हीच ना ते? माझा पोरगा दिवसभर तुमचा आवाज वाजवतो." मग त्याला वडील दिसले आणि तो कागदाकडे बघायला लागला.

वडील रडत नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, काकांच्या समोर येऊन उभे राहिले आणि विचारलं, "काका, ती सकाळी मला व्हिडिओ दाखवून गेली. म्हणाली, पप्पा, घाबरू नका, तिथे एक काका असतात, सगळ्यांना ओरडतात. तुम्ही सगळ्यांना ओरडता ना? मग माझ्या मुलीला का नाही ओरडलात?"

हवालदाराचं पेन थांबलं. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे चार वळ होते, तांबडे, स्पष्ट. त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. सांगायचं ते मी सांगायला हवं होतं. जन्मभर न थांबलेलं माझं तोंड उघडलं नाही.

काकांनी टोपी काढली. मग चाळीस वर्षांत आम्ही कधी ऐकली नव्हती अशा स्वच्छ, पुस्तकी मराठीत ते म्हणाले, "माझा घसा बसला होता."